डब्याचे झाकण

माझ्या वर्गाच्या दाराशेजारी पूर्वी एक मोठा तक्ता लावलेला असे. डावीकडे चौथीतल्या मुलांची नावे, वरच्या ओळीत सोमवार ते शनिवार, आणि प्रत्येक वाराखाली त्या दिवशी डब्यात काय असावे हे माझ्या हस्ताक्षरात लिहिलेले: सोमवारी पालेभाजी, मंगळवारी मोड आलेले कडधान्य, बुधवारी एखादे फळ, गुरुवारी शेंगदाणे किंवा फुटाणे. छोट्या सुट्टीत मी रांगांमधून फिरत डबे पाहत असे आणि ज्याचा डबा तक्त्याप्रमाणे असेल त्याच्या नावापुढे लाल चांदणी चिकटवत असे. शनिवारी ज्याच्या चांदण्या सर्वांत जास्त, त्याच्यासाठी वर्ग टाळ्या वाजवत असे. भेटीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी त्या तक्त्याचे कौतुक केले होते आणि जवळपासच्या दोन शाळांनी तो उतरवून नेला होता. मुलांना चांगले खायला शिकवायचे ते असेच, नियम लावून आणि नोंद ठेवून, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या बाजूची. हा भाग ज्वारीचे कोठार म्हणून ओळखला जातो, आणि दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्या लोकांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा इथल्या मुलांच्या कानावर कीर्तनांतून फार लवकर पडते. काळी खोल जमीन, पावसाचा भरवसा नाही, आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर रब्बीला येणारी मालदांडी ज्वारी. ज्यांच्याकडे जमीन थोडी आहे किंवा नाहीच, अशी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागल्यावर परततात. त्यांची काही मुले बरोबर जातात, काही आजी-आजोबांजवळ राहतात. एका वर्षी माझ्या वर्गात अशी मागे राहिलेली एक मुलगी होती. अक्षर वळणदार, पाढे पाठ, प्रश्न विचारला की उत्तर तयार. तक्त्यावरची तिच्या नावापुढची ओळ मात्र आई-वडील ऊसतोडीला गेल्यापासून कोरी राहू लागली.

तिच्या डब्यात ग्लुकोजची बिस्किटे असत, चार किंवा पाच. पहिल्या आठवड्यात मी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात तिच्यापाशी थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण माझ्या समजुतीप्रमाणे प्रेमानेच म्हटले, "आजही बिस्किटंच का गं? आजीला सांग, बाईंनी भाजी-भाकरी आणायला सांगितली आहे." तिने मान हलवली. त्यानंतर तिच्या डब्यात बिस्किटे दिसली नाहीत, कारण तिचा डबा उघडलेलाच दिसेना. विचारले की ती म्हणे, "खाल्लं बाई, मघाशीच." महिन्याभराने एकदा बाक सरकवताना तिचे दप्तर माझ्या हातून खाली पडले, डबा बाहेर आला आणि त्याचे झाकण निघाले. आत काही नव्हते. घासून लख्ख केलेला रिकामा डबा ती रोज शाळेत आणत होती.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आजीच्या दोन्ही हातांची बोटे सांधेदुखीने वाकलेली होती. "बाई, सकाळच्याला हात वळत न्हाईत वो," ती म्हणाली, "भाकरी थापाया दुपार हुती." डब्यात बिस्किटे ती रोजच घालत होती. तिच्या नातीने ती वाटेत अंगणवाडीत जाणाऱ्या धाकट्या भावाच्या हातावर ठेवायला सुरुवात केली होती, म्हणजे शाळेत झाकण उघडायची वेळ आली तरी दाखवायला काही राहू नये.

त्या दिवशी मला जे कळले ते सांगायला सोपे आहे, पण मनात मुरायला फार दिवस लागले. डबा कोणी भरला, किती वाजता उठून भरला, घरात त्या दिवशी काय होते आणि काय नव्हते, हे सगळे मुलाला माहीत असते. म्हणून डब्याविषयी बाईंनी काढलेला शब्द मुलाला त्याच्या आईविषयी किंवा आजीविषयी काढलेला शब्द म्हणून ऐकू येतो. आरोग्याच्या नावाखाली मी त्या मुलीला एवढेच शिकवले होते, की तिच्या घरातून आलेले अन्न लपवण्यासारखे आहे. दुसऱ्या दिवशी मुले यायच्या आधी मी तक्ता काढून टाकला. तो चिकटवलेल्या डिंकाचे चार डाग भिंतीवर अजून आहेत. रंगकाम झाले तेव्हाही ते पुरते झाकले गेले नाहीत.

आता शिकवणेच सोडून द्यावे, असेही करता येण्यासारखे नव्हते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली आणि जवळजवळ ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. हीच मुले वर्षा-दोन वर्षांत पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. तिसऱ्या तासाला पेंगणारे, दोन फेऱ्या पळाले की धापा टाकणारे मूल आळशी नसते, हे शिक्षकाला फार लवकर कळायला हवे. आणि याच मुलांच्या हातात, शाळेच्या फाटकाबाहेर पडताच, ५ रुपयांत तिखटमिठाचे चकाकते पाकीट येते. पोट भरल्यासारखे वाटते आणि पुढच्या जेवणाची भूक मरते. कमी खाणे आणि नको ते खाणे ही दोन वेगळ्या घरांतली दुखणी आहेत असे शहरात कदाचित वाटत असेल. आमच्याकडे ती एकाच मुलात नांदतात.

मग मी माझे लक्ष डब्यावरून काढून शाळेतल्या पातेल्याकडे वळवले. ते पातेले कोणाच्याही आईचे नव्हते, सगळ्यांचे होते, आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलता येत होते.

मी १९९७ मध्ये नोकरीला लागले तेव्हा शाळेत काही शिजत नसे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेत, ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळत असे. वाटपाच्या दिवशी मुले पिशव्या घेऊन येत आणि तो तांदूळ घरच्या डब्यात जाऊन सगळ्यांचा होई, जे स्वाभाविकच होते. तमिळनाडूत मात्र फार आधीपासून शाळेतच अन्न शिजत होते. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला, आणि पुढे आमच्याकडेही शाळेच्या आवारात चूल पेटली. नाव 'शालेय पोषण आहार', मुलांच्या तोंडी 'खिचडी'. २०२१ पासून योजनेचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असे झाले आहे, पण खिचडी हे नाव काही सुटलेले नाही. मला त्या पातेल्याइतकेच महत्त्व त्याच्यापुढच्या पंगतीचे वाटते. गावातल्या सगळ्या आळ्यांची, सगळ्या जातींची मुले मांडीला मांडी लावून 'वदनी कवळ' म्हणतात आणि एकाच पातेल्यातले अन्न खातात, हे दृश्य ज्यांनी जुने गाव पाहिले आहे त्यांना साधे वाटणार नाही.

या आहाराचे ठरलेले प्रमाण मी मुलांपुढे गणित म्हणून मांडले. पहिली ते पाचवीच्या एका मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा. त्या दिवशी हजेरी ४२ होती. मुलांनी गुणाकार केले: तांदूळ ४ किलो २०० ग्रॅम, डाळ ८४० ग्रॅम, भाजी २ किलो १०० ग्रॅम. मग आम्ही स्वयंपाकघरात जाऊन मावशींच्या समोर तराजू मांडला. भाजी दीड किलोही भरली नाही. मावशी ओशाळल्या, आणि माझ्या लक्षात आले की मी पुन्हा तीच चूक करायला निघाले आहे. या वेळी फक्त माणूस बदलले आहे. भाजीचे भाव तेव्हा चढलेले होते आणि महिन्याला मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या त्या बाईकडून त्या भावांचा हिशेब मागणे बरोबर नव्हते. मी मुलांना विचारले, "सातशे ग्रॅम भाजी कमी पडते आहे. ती आपण कुठून आणायची?" एकाने हात धुण्याच्या नळाकडे बोट दाखवले. तिथे वाहून जाणाऱ्या पाण्यावर कोणीही न लावता उगवलेला एक टोमॅटोचा वेल लगडला होता.

आमची परसबाग अशी सुरू झाली. हात धुण्याचे पाणी चर खणून वाफ्यांकडे वळवले. मेथी महिन्याभरात काढायला येते, म्हणून पहिली मेथी. तिच्या मागोमाग पालक, कोथिंबीर, दुधी, कुंपणाला घेवडा आणि कोपऱ्यात शेवगा. शेवग्याने आम्हांला फार दिले. त्याचा पाला वरणात पडू लागला आणि शेंगा मुले चोखून चोखून खाऊ लागली. स्वतः लावलेली भाजी मुले आनंदाने खातात असे नेहमी सांगितले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे; पण पूर्ण खरे नाही. दुधीला रोज पाणी घालणारा, वेलाला मांडव करून देणारा मुलगा ताटातला दुधी मात्र बोटाने बाजूला सारत असे. मावशी म्हणाल्या, "बाई, किसून टाकते, कळायचं बी न्हाई." काही दिवस आम्ही तसे केलेही. पण लपवून पोटात गेलेल्या भाजीशी मुलाची ओळख होत नाही. दिसेल तेव्हा तो ती पुन्हा बाजूला सारणारच. म्हणून आम्ही फोडी पुन्हा दिसतील एवढ्या केल्या.

याच सुमारास मी मुलांच्या आवडीनिवडीविषयी मिळेल ते वाचत होते. त्यातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली: अनोळखी चव मुलाला आपलीशी वाटायला ती अनेकदा, कधी दहा-पंधरा वेळाही, जिभेवर यावी लागते, आणि घरातली मोठी माणसे बहुधा तिसऱ्या-चौथ्या वेळीच "याला हे आवडत नाही" असा निकाल देऊन मोकळी होतात. दुसरी गोष्ट मला बोचणारी होती. भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन, असे सांगितले की मूल भाजी संपवते खरे, पण त्याच्या मनात भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस असे नोंदले जाते आणि भाजीची आवड वाढण्याऐवजी कमी होऊ शकते, असे काही अभ्यासांत दिसून आलेले आहे. माझी लाल चांदणी म्हणजे दुसरे काय होते?

मग आम्ही गुरुवारी 'एक घास' सुरू केला. मधल्या सुट्टीआधी एकच भाजी, प्रत्येकाला चमचाभर. नियम दोनच. गिळलाच पाहिजे अशी सक्ती नाही, कागदावर काढून टाकला तरी चालेल. आणि 'छान' व 'घाण' हे दोन शब्द वापरायचे नाहीत, चव कशी आहे ते सांगायचे. हा दुसरा नियम मी भाषेच्या तासाचा विचार करून सहज घातला होता, पण खरी किमया त्यानेच केली. पहिल्या गुरुवारी मुलांकडे गोड, तिखट, कडू आणि आंबट याखेरीज शब्द नव्हते. महिन्या-दोन महिन्यांत फळ्यावर केवढी यादी झाली: तुरट, कडसर, आंबूस, गुळचट, अळणी, उग्र, खवट, मचूळ, आणि स्पर्शाचे शब्द वेगळेच, गिळगिळीत, चिवट, रवाळ, कुरकुरीत, मऊसूत. यांतले निम्मे शब्द मुलांनी आपल्या आज्यांकडून आणले. अंबाडीला कोणी 'दात आंबवणारी' म्हणाले. शेपूचा वास आला की नाक मुरडणारी एक मुलगी एकदा घास तोंडात घोळवत थांबली आणि म्हणाली, "बाई, ही तर बडीशेपेसारखी लागते." ती शेपूच्या बाजूची झाली असे मी म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून ती शेपूला ओळखते. आणि दुधीला मांडव करणाऱ्या त्या मुलाने नवव्या की दहाव्या गुरुवारी चमचा चाटला आणि मावशींकडे ताट पुढे केले. वर्गात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे मी आता शिकले होते.

जपानमध्ये शाळेतल्या जेवणाची परंपरा १८८९ पासूनची आहे आणि २००५ मध्ये तिथे आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याविषयी वाचताना मला सर्वांत आवडले ते एवढेच, की तिथली मुले पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून एकमेकांना वाढतात आणि शिक्षक त्यांच्याबरोबर बसून तेच जेवतात. आमच्याकडे मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने अन्नाची चव घेऊन ती वहीत नोंदवायची असते. मी चमचाभर चव घेऊन सही करत असे आणि मग कार्यालयात माझा डबा उघडत असे. त्या वर्षीपासून मी माझी भाकरी घेऊन पंगतीत बसू लागले आणि पातेल्यातली भाजी-आमटी मुलांबरोबर ताटात घेऊ लागले. ज्या दिवशी मीठ जास्त झाले त्या दिवशी तेही आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले.

फाटकाबाहेरच्या टपरीचा प्रश्न वेगळा होता. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असले खारट, गोड आणि तेलकट पदार्थ विकू नयेत असा देशपातळीवरचा नियम २०२० चा आहे, आणि महाराष्ट्र सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून ते पदार्थ २०१७ मध्येच बंद केले आहेत. पण आमची टपरी ज्यांची, त्यांचा मुलगा आमच्याच दुसरीत होता, आणि ती टपरी हेच त्या घराचे उत्पन्न होते. मी नियमाचा कागद घेऊन तिथे गेले नाही. त्याऐवजी मुलांना सांगितले, की खाऊन झालेली रिकामी पाकिटे फेकू नका, वर्गात आणा.

पाकिटांच्या पाठीवर सगळे लिहिलेले असते, पण ते इंग्रजीत, क्वचित हिंदीत. मराठी शाळेतल्या चौथीच्या मुलासाठी ती पाठ कोरीच असते. आम्ही ती शब्दशः उलगडली. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे जे पहिले ते सर्वांत जास्त. हे एकदा कळल्यावर मुले गुप्तहेरासारखी कामाला लागली. ज्या पाकिटावर टोमॅटोचे लालभडक चित्र होते, त्याच्या यादीत टोमॅटो अगदी तळाशी, मसाल्याच्या कंसात चिमूटभर सापडला. 'परिष्कृत गव्हाचे पीठ' म्हणजे आपला मैदाच, हे कळल्यावर एकजण उठून म्हणाला, "मग मैदा असं सरळ का लिहीत नाहीत?" या प्रश्नाचे मला उत्तर देता आले नाही.

साखरेचे गणित आम्ही प्रत्यक्ष मोजून केले. थंड पेयाच्या बाटलीवर १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर लिहिलेली असते. २५० मिलिलिटरच्या बाटलीचे २५ ग्रॅमहून थोडे जास्त भरले. मुलांनी ५ ग्रॅमच्या चमच्याने साखर मोजून काचेच्या पेल्यात घातली: एक, दोन, तीन, चार, पाच, आणि वर थोडी. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी लागतात. त्यांतल्या १० टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांहूनही कमी कॅलरी वरून घातलेल्या साखरेतून याव्यात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक ग्रॅम साखर म्हणजे ४ कॅलरी. मुलांनी फळ्यावर भागाकार केला आणि ५ टक्क्यांचे उत्तर २१ ग्रॅम आले. एक बाटली त्याच्या पुढे गेली होती. मी काहीही म्हटले नाही. तो पेला दोन दिवस खिडकीत राहिला, मुंग्या लागल्या, आणि मुले येता-जाता त्याच्याकडे पाहत राहिली. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांत साखरेचे फलक लावायला सांगितले तेव्हा मला बरे वाटले. पण फलक वाचण्यापेक्षा चमच्याने मोजणे मुलाच्या हाताला जास्त काळ लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे. टपरी अजून आहे. आता तिथे भाजलेल्या शेंगा आणि हंगामात बोरे व पेरूही असतात, कारण ते मागणारी गिऱ्हाइके तयार झाली आहेत.

२०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे देण्याचा निर्णय झाला. अंड्याच्या पौष्टिकतेबद्दल वाद घालण्याचे मला कधीच कारण दिसले नाही. वाढत्या वयाच्या मुलाला इतके चांगले प्रथिन इतक्या थोडक्यात देणारे पदार्थ फार नाहीत. मला काळजी वाटली ती पहिल्याच दिवशी पंगतीच्या झालेल्या दोन भागांची. अंडेवाले इकडे, केळेवाले तिकडे, आणि मध्ये मोकळी जागा. कोणी सांगितले नव्हते, मुलांनी ते आपापल्या घरांतून आणले होते. मी बसण्याची जागा हजेरीच्या क्रमाने लावली. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे त्यावर बोलायचे नाही, एवढी एकच शिस्त त्या वर्षी मी कठोरपणे पाळली. २०२५ च्या सुरुवातीला अंड्यांसाठीचा सरकारी निधी थांबला आणि ते लोकसहभागावर सोडण्यात आले. ज्या गावात लोकसहभाग म्हणजे पुन्हा ऊसतोडीला जाणारीच माणसे, तिथे याचा अर्थ काय होतो ते निराळे सांगायला नको. मला तो निर्णय आजही पटलेला नाही.

घरापर्यंत पोचायचे राहिलेच होते, कारण सकाळचा चहा घरी होतो. आमच्याकडे निम्म्याहून अधिक मुले चहात चपाती, भाकरी किंवा खारी बुडवून खाऊन शाळेत येतात. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी दिली जाते. पण जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह शरीराला नीट घेऊ देत नाही, आणि लिंबासारखे आंबट फळ ते घ्यायला मदत करते. हे मुलांना सांगितले तर ती घरी जाऊन आईला टोकणार, हे मला दिसत होते. म्हणून मी आयांनाच बोलावले, आणि बोलावताना निरोप असा दिला, की तुमच्या लहानपणी सकाळी काय खात होतात ते आम्हांला सांगायला या. त्या दिवशी जे निघाले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला सापडले नव्हते. ताकातल्या ज्वारीच्या कण्या, शिळ्या भाकरीचा कुस्करा आणि वर लिंबू, शेंगांची चटणी आणि दही, हरभऱ्याचा कोवळा पाला, हुलग्याचे माडगे. चहा कधी आला, असे विचारल्यावर एक आई थोडा विचार करून म्हणाली, "वैरण कमी झाली, म्हस इकली, तवा आला." दूध-ताक गेले म्हणून चहा आला होता. चहाविषयी मी त्या दिवशी एवढेच बोलले, की तो जेवणानंतर तासाभराने घेतला तर बरा. लिंबाचे रोप मात्र प्रत्येकीला दिले.

त्या बैठकीला ती आजीही आली होती. पदराच्या टोकाला तिने मूठभर हुलगे बांधून आणले होते. पुढच्या आठवड्यात शाळेच्या चुलीवर माडगे झाले. हुलगे भाजून दळून आणले, पीठ पाण्यात कालवले, गूळ आणि सुंठ घातली. आजीला पळी धरवत नव्हती, म्हणून ती चुलीशेजारी बसून सांगत होती आणि मावशी ढवळत होत्या. "आता न्हाई, अजून. गुठळी फोड. आता उतरव." वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते आवडीने प्यायले, उरलेल्यांनी तोंडे वाकडी केली, आणि फळ्यावर 'मातकट' हा नवा शब्द आला. ती मुलगी आजीच्या मागे उभी राहून पेले पुढे करत होती.

नंतर काही दिवसांनी छोट्या सुट्टीत मी तिच्या बाकाजवळून जात होते. आता मी डबे पाहत नव्हते. खिडकी लावायला निघाले होते. तिने डबा उघडला. आत ग्लुकोजची चार बिस्किटे होती, कडांना थोडी फुटलेली, आणि कोपऱ्यात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा. तिने झाकण बाजूला ठेवले, डबा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "घ्या ना बाई." मी तिच्या बाकावर बसले आणि एक बिस्किट घेतले.